आधी कोण, नंतर कोण? मल्टिकोअर प्रोसेसर आणि डेटाफ्लोचा विचार

मागच्या व्याख्यानात आपण प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची यादी, एवढी कामचलाऊ व्याख्या करून थांबलो होतो. आज त्या यादीतल्या अशा एका गोष्टीकडे बघायचं आहे, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे यादीचा क्रम. पहिली ओळ आधी, दुसरी नंतर, तिसरी त्याच्याही नंतर. हा क्रम खरोखर लागतो का? की आपण कागदावर एकाखाली एक ओळ लिहितो, म्हणून तो आपोआप येऊन बसतो?

प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटेल, आणि तसा तो आहेही. पण गेली वीस वर्षं तो संगणकशास्त्राचा अगदी रोजचा प्रश्न होऊन बसला आहे. आज साध्या फोनमध्येही बहुधा आठ कोअर असतात, म्हणजे आज्ञा पाळणारे आठ कामगार. यादी मात्र एकच, आणि तीही एकानेच वरून खाली वाचावी अशा बेताने लिहिलेली. मग उरलेल्या सात जणांनी काय करायचं?

घड्याळाचा वेग का थांबला?

आधी ही वेळ आलीच कशी, ते थोडक्यात पाहू. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला. त्यातल्या प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. २००२ च्या अखेरीस पेंटियम ४ ने तीन गिगाहर्ट्झची रेषा ओलांडली. म्हणजे एकवीस वर्षांत वेग सहाशेपटीहून अधिक वाढला. या सगळ्या काळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काहीही करावं लागत नव्हतं. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर टाकला की तो आपोआप जास्त वेगाने पळायचा.

यामागचं गणित १९७४ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं होतं. ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या तेवढ्याच जागेत तेवढीच वीज लागते. जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेग, आणि उष्णता मात्र तेवढीच. ही सोय २००४ च्या सुमारास संपली. व्होल्टेज आणखी उतरवता येईना, कारण ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वीज झिरपू लागली. वेग वाढवला की चिप तापायची. त्याच वर्षी इंटेलने जाहीर केलेला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. एका कामगाराला आणखी पळवता येत नाही, तर कामगार वाढवा, असा हा सरळ हिशेब.

पण कामगार वाढवणं सोपं, काम वाटणं अवघड. कुठलंही घरचं कार्य ज्यांनी पार पाडलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

थ्रेड आणि त्यांचे धोके

काम वाटण्याचा सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे थ्रेड. एका यादीऐवजी दोन-चार याद्या करायच्या, प्रत्येक कोअरला एकेक द्यायची, आणि मेमरी मात्र सगळ्यांची सामाईक ठेवायची. म्हणजे फळा एकच आणि खडू चौघांच्या हातात.

आता एक साधं उदाहरण घेऊ. खात्यात १००० रुपये आहेत. एक थ्रेड ५०० जमा करतो, दुसरा २०० काढतो. शेवटी १३०० उरायला हवेत. पण 'जमा करणे' ही यंत्रासाठी एक पायरी नाही, तीन आहेत. शिल्लक वाचा, बेरीज करा, शिल्लक लिहा. दोघांनीही एकाच वेळी १००० वाचले, तर एक १५०० लिहील, दुसरा ८००. जो शेवटी लिहील त्याचं उत्तर राहील आणि दुसऱ्याचा व्यवहार पुसला जाईल. याला रेस कंडिशन म्हणतात. दोन थ्रेडची शर्यत लागते, आणि उत्तर काय येणार हे कोण आधी पोचलं यावर ठरतं.

यात भीती कशाची, हे नीट समजून घेऊ. प्रत्येकी दहा पायऱ्यांचे दोन थ्रेड घेतले, तर त्यांच्या पायऱ्या एकमेकांत १,८४,७५६ प्रकारे मिसळू शकतात. त्यातल्या दोन-चारच प्रकारांत चूक असेल, तर हजार वेळा चाचणी घेऊनही ती सापडेलच असं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ओंटारिओत वीज गेली. सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. बिघाडाची सुरुवात झाडांना टेकलेल्या वीजवाहिन्यांपासून झाली होती. पण ओहायोतल्या नियंत्रणकक्षात इशारा देणारा प्रोग्रॅम आधीच गप्प झाला होता, आणि तो गप्प आहे हे तिथल्या माणसांना कळलंच नाही. पुढे तपासात कारण निघालं ते हेच, रेस कंडिशन.

यावर उपाय म्हणून कुलपं लावतात. फळ्याला हात लावण्याआधी कुलूप घ्या, काम झालं की सोडा. पण कुलूप विसरलं तर चूक राहते. दोघांनी एकेक कुलूप धरून दुसऱ्याच्या कुलपाची वाट पाहिली, तर दोघेही कायमचे अडकतात. आणि फार कुलपं लावली, तर सगळे कोअर रांगेत उभे राहतात. मग आठ कामगार घेऊन मिळवलं काय? बर्कलीचे प्राध्यापक एडवर्ड ली यांनी २००६ साली एका गाजलेल्या लेखात थ्रेडवरचा मुख्य आक्षेप मांडला. त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं तर असं, की थ्रेड आधी सगळं अनिश्चित करून टाकतात आणि मग ती अनिश्चितता वेचून काढण्याचं काम माणसाच्या गळ्यात घालतात. खरं तर सुरुवात निश्चिततेपासून व्हायला हवी, आणि गरज असेल तिथेच अनिश्चितता मुद्दाम आणायला हवी.

डेटाफ्लोचा विचार नेमका हाच आहे. पण तिकडे जाण्याआधी आपल्या घरच्या एका गाढवाला भेटू.

कुंभाराचं गाढव

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं कारण म्हणजे काय यावर शतकानुशतकं भांडत आलो आहोत. न्यायवैशेषिकांची भूमिका अशी, की कार्याच्या आधी नियमाने जे असतं ते कारण. पण नुसतं आधी असणं पुरेसं नाही, ते 'अन्यथासिद्ध' असता कामा नये. उदाहरण ठरलेलं आहे, घटाचं. माती, चाक, दांडा, कुंभार ही घटाची कारणं. पण माती पाठीवरून आणणारं गाढव? तेही घटाच्या आधी होतं. कुंभाराचा बापही आधी होता. दांड्याचा रंगही आधी होता. पण ही कारणं नव्हेत. गाढवावाचूनही घट होतो. विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेदा'त अशा अन्यथासिद्ध गोष्टींचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत हे गाढव येतं.

आता प्रोग्रॅमकडे या. समजा तीन ओळी आहेत.

बेरीज = अ + ब
फरक = क − ड
उत्तर = बेरीज × फरक

दुसरी ओळ पहिलीच्या नंतर आहे. पण दुसरीला पहिलीतलं काहीही लागत नाही. तिच्या दृष्टीने पहिली ओळ म्हणजे कुंभाराचं गाढव. तिसरी ओळ मात्र दोघींवर अवलंबून आहे, तिथे क्रम खरा आहे. म्हणजे यादीत दोन प्रकारचे क्रम एकत्र कालवलेले असतात. एक कार्यकारणाचा, आणि दुसरा नुसत्या लिहिण्याचा. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक यंत्रावरच्या अहवालात जी रचना मांडली, ती आज्ञा एकामागून एक पाळणाऱ्या यंत्राची होती. अशा यंत्राला हे दोन क्रम वेगळे दिसत नाहीत. त्याला फक्त 'पुढची ओळ' कळते.

डेटाफ्लो म्हणतो, लिहिण्याचा क्रम फेकून द्या, फक्त कार्यकारणाचा ठेवा. प्रत्येक क्रिया म्हणजे एक गाठ. एका गाठीतून निघालेलं मूल्य दुसरीकडे नेणारी रेघ म्हणजे बाण. आणि नियम एकच, की ज्या गाठीला लागणारी सगळी मूल्यं येऊन पोचली, ती गाठ कामाला लागू शकते. कुणाच्या हुकमाची वाट बघायची नाही. सामाईक फळाही नाही, मूल्य बाणावरून हातोहात जातं.

पुरणपोळीचा आलेख

स्वयंपाकघरात हे आपण रोज करतो. पुरणपोळीचा बेत घेऊ. हरभऱ्याची डाळ शिजते. ती निथळली की तिच्यातून दोन गोष्टी निघतात. डाळ जाते पुरणाकडे, आणि कट जातो आमटीकडे. गूळ घालून पुरण शिजवायचं, वाटायचं. दुसरीकडे कणीक भिजवून तिंबायची. तिचा डाळीशी काही संबंध नाही. पुरण आणि कणीक दोन्ही तयार झाले की पोळी. कणीक आधी की डाळ आधी, हा वाद निरर्थक आहे. पण डाळ आधी की पुरण आधी, हा वादच होऊ शकत नाही.

आता हिशेब करू. एक माणूस आणि एक शेगडी मिळून एक कोअर धरा. समजा डाळ शिजायला ३० मिनिटं, निथळायला १०, पुरणाला ३०, कणकेला १५, आमटीला २५, आणि पहिली पोळी लाटून भाजायला ५. एकट्याने एकामागून एक केलं तर ११५ मिनिटं. भरपूर माणसं लावली तर? तरीही डाळ, निथळणं, पुरण, पोळी ही साखळी तोडता येत नाही. ती ७५ मिनिटांची आहे. म्हणजे दहा माणसं आणा नाहीतर शंभर, वेग सुमारे दीडपटच वाढेल. आलेखातल्या या सगळ्यात लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हीच मर्यादा दुसऱ्या शब्दांत सांगितली होती. कामाचा दहावा हिस्सा जरी एकट्यानेच करण्यासारखा असला, तरी कितीही कोअर लावून वेग दहापटीच्या वर जात नाही.

मग समांतर काम करण्यात फायदा कुठे? पोळी एक नसते, चाळीस असतात. एकजण उंडा भरतो, दुसरा लाटतो, तिसरा भाजतो. चौथी पोळी उंड्यात, तिसरी पोळपाटावर, दुसरी तव्यावर. याला पाइपलाइन म्हणतात. व्हिडिओ, आवाज, रडारचे संकेत अशी एकामागून एक वाहत येणारी माहिती हाताळायला डेटाफ्लो फार सोयीचा ठरतो, तो यामुळेच. आणि इथे आणखी एक गोष्ट दिसते. लाटणारा भराभर लाटत सुटला आणि तवा एकच असला, तर लाटलेल्या पोळ्या साचून एकमेकींना चिकटतात. तेव्हा लाटणाऱ्याने थांबायचं. दोन गाठींमधल्या बाणावर किती मूल्यं साठवायची, याला मर्यादा घालावी लागते. ती भरली की मागच्याने थांबायचं. प्रत्यक्ष प्रणालींमध्ये ही व्यवस्था नसेल, तर मेमरी भरून प्रोग्रॅम कोसळतो.

ली आणि डेव्हिड मेसरश्मिट यांनी १९८७ साली याच कल्पनेला शिस्त लावली. प्रत्येक गाठ एका वेळी किती मूल्यं घेते आणि किती देते, हे आकडे आधीच ठरवून टाका. एक गाठ दर वेळी २ मूल्यं देते, पुढची दर वेळी ३ घेते. मग पहिली ३ वेळा आणि दुसरी २ वेळा चालली की हिशेब चुकता. सहा आली, सहा गेली. असे आकडे माहीत असले की वेळापत्रक आणि साठवणीची जागा दोन्ही प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच काढता येतात.

उत्तर एकच येईल, याची हमी

आतापर्यंत वेगाचं बोललो. पण डेटाफ्लोचं खरं मोल वेगात नाही, भरवशात आहे.

१९७४ साली फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जिल कान यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांनी म्हटलं, स्वतंत्र प्रक्रिया घ्या आणि त्यांच्यात नळ्या जोडा. प्रत्येक नळीत एकच जण टाकणार, एकच जण काढणार, आणि जे आधी टाकलं ते आधी निघणार. प्रत्येक प्रक्रियेचं आपलं काम ठरलेलं असेल, त्यात फासे टाकणं नाही. वाचताना नळी रिकामी असेल तर थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी रिकामी आहे का, असं डोकावून बघायचं नाही. एवढे नियम पाळले, तर कुठलीही प्रक्रिया कितीही वेगाने किंवा सावकाश चालो, प्रत्येक नळीतून जाणाऱ्या मूल्यांची मालिका तीच राहते. गणिताने सिद्ध होणारी ही गोष्ट आहे.

डोकावण्याची मनाई का, हे समजलं की सगळं समजलं. 'नळीत काही आहे का? नसेल तर दुसरं काम करतो,' असं म्हणता आलं, की आपलं वागणं समोरचा किती वेगाने चालतो यावर अवलंबून राहायला लागतं. म्हणजे काळ मागच्या दाराने आत येतो. कान यांनी ते दार बंद केलं. प्रक्रियेला 'काय आलं' हे विचारता येतं, 'कधी आलं' हे विचारता येत नाही. त्यामुळे चार कोअरवर चालवा किंवा चाळीस, उत्तर बदलत नाही. मघाच्या १,८४,७५६ प्रकारांची चिंता उरत नाही, कारण ते सगळे प्रकार एकाच उत्तराला पोचतात.

यंत्रं आली, गेली आणि परत आली

हा विचार थेट यंत्रात उतरवण्याचे प्रयत्नही झाले. एमआयटीत जॅक डेनिस यांनी सत्तरच्या दशकात डेटाफ्लो यंत्राचे आराखडे मांडले. मँचेस्टर विद्यापीठात जॉन गर्ड आणि इयन वॉटसन यांचं यंत्र १९८१ साली चालू झालं. आयआयटी कानपूरचे पदवीधर अरविंद, ते एवढंच नाव लावत, यांनी एमआयटीत प्रत्येक मूल्यावर खूणचिठ्ठी लावण्याची पद्धत विकसित केली, आणि पुढे मोटोरोलाच्या साथीने 'मॉन्सून' नावाचं यंत्र उभं राहिलं. २०२४ साली त्यांचं निधन झालं.

ही यंत्रं बाजारात टिकली नाहीत. कारण त्यांनी विचार फार बारीक पातळीवर नेला. एकेका बेरजेसाठी दोन मूल्यं आली का, त्यांच्या खुणा जुळतात का, हे तपासायचं म्हणजे चण्यापेक्षा पुडीच महाग. शिवाय साधे प्रोसेसर आतून हुशार होत गेले. आयबीएममध्ये रॉबर्ट टोमासुलो यांनी १९६७ साली मांडलेली युक्ती पुढे जवळजवळ सगळ्या वेगवान प्रोसेसरांनी घेतली. बाहेरून आज्ञा क्रमाने येतात, पण आत ज्या आज्ञेला लागणारी मूल्यं तयार असतील ती आधी चालते. म्हणजे फॉन नॉयमनच्या घरात डेटाफ्लो गुपचूप राहायला आला. पण प्रोसेसर एका वेळी फार तर काही शे आज्ञा नजरेत ठेवतो. दूरचं स्वातंत्र्य त्याला दिसत नाही, ते माणसाला सांगावं लागतं.

म्हणून मल्टिकोअरच्या काळात डेटाफ्लो परत आला तो ठसठशीत रूपात. आता एक गाठ म्हणजे एक बेरीज नव्हे, हजारो-लाखो क्रियांचं एक काम. २०१३ च्या ओपनएमपी ४.० मध्ये अमुक काम काय वाचतं आणि काय लिहितं एवढं सांगायची सोय आली, उरलेला क्रम प्रणाली लावते. गूगलने २०१५ साली खुलं केलेलं टेन्सरफ्लो तर नावातच प्रवाह घेऊन आलं. आणि आपल्यापैकी ज्यांनी स्प्रेडशीट वापरलं आहे, त्यांनी डेटाफ्लो प्रोग्रॅम आधीच लिहिला आहे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले रकानेच बदलतात. कुठला रकाना आधी मोजायचा, हे आपण कधी सांगितलं होतं?

जिथे काळ खरा असतो

आता दुसरी बाजू. रेल्वेच्या आरक्षणात शेवटची एक बर्थ उरली आहे आणि दोन ठिकाणांहून दोघांनी ती मागितली. इथे 'आधी कोण' हा प्रश्न अन्यथासिद्ध नाही, तोच मुख्य प्रश्न आहे. कान यांच्या नियमांत हे बसत नाही. दोन नळ्यांतून जे आधी येईल ते घे, अशी वेगळी गाठ तिथे घालावी लागते, आणि ती घातली की उत्तर एकच येण्याची हमी जाते. जिथे एकच मोठी माहिती अनेकांनी सतत बदलायची असते, तिथेही मूल्यांच्या प्रती हातोहात देणं महाग पडतं.

म्हणून डेटाफ्लोने काळ हद्दपार केला, असं आपण म्हणणार नाही. त्याने केलं ते एवढंच. थ्रेडमध्ये काळ प्रत्येक ओळीत लपून बसलेला असतो, कुठे नडेल सांगता येत नाही. डेटाफ्लोमध्ये काळाचा प्रश्न एखाद-दुसऱ्या गाठीत येतो आणि ती गाठ आलेखात उघड दिसते. तपासणी करायची तर तिथे करा. लाखो ओळींवर संशय घेण्यापेक्षा चार गाठींवर लक्ष ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं आहे.

आणि हे माणसाच्या आवाक्यात असणं महत्त्वाचं आहे, कारण वीज, औषध, पैसा यांची राखण आता याच प्रोग्रॅमांकडे आहे. 'आमच्या यंत्रावर तर बरोबर चालत होतं' हे उत्तर अंधारात बसलेल्या माणसाला पुरत नाही. कशामुळे काय घडतं, हे लिहिणाऱ्याला सांगता यायला हवं. अमुक तमुकच्या आधी होतं, एवढं सांगणं म्हणजे कारण सांगणं नव्हे. नैयायिकांनी गाढवाला कारणांच्या यादीतून वगळलं, ते याचसाठी.

पुढच्या व्याख्यानात आपण याच्या शेजारच्या घरी जाऊ. तिथे प्रक्रिया एकमेकींना निरोप पाठवतात आणि निरोप केव्हा पोचेल याची खात्री कुणालाच नसते. तोवर एक गृहपाठ. उद्या सकाळी घरातल्या कामांची यादी करा आणि प्रत्येक दोन कामांमध्ये विचारा, हा क्रम खरा आहे की नुसता सवयीचा?